पापणी लवली तेवढ्यात

दुपारचं जेवण उरकून युएचिन निवडचाचणीच्या खोलीकडे निघाली, ती मनातल्या मनात घरी जायची बॅग भरूनच. चीनच्या शांतुंग प्रांतातल्या त्या क्रीडाशाळेत टेबल टेनिस खेळणाऱ्या मुली बारा, आणि प्रांताच्या संघात जाणार एकच. युएचिनचा हात भलता चपळ, पण डोळा दगाबाज. समोरचीने चेंडू मारायच्या ऐन वेळी हिची पापणी लवायची, अन् चेंडू केव्हाच निघून गेलेला असायचा. थाओ मास्तरांनी तिला जाळीमागे उभं करून तोंडाच्या रोखाने हजारो चेंडू मारले होते. पापणी काही ऐकेना. मुली तिला मिचमिची म्हणायच्या.

खोलीत काळोख होता आणि जुन्या रबराचा कुबट वास. तिने हनुवटी लाकडी टेकूवर ठेवली. समोर दोन दिवे, एक डावीकडे, एक उजवीकडे. लागेल त्या बाजूचं बटण दाबायचं. नजर इकडून तिकडे धावते तेवढा वेळही माणूस आंधळाच असतो, तेव्हा मधल्या ठिपक्यावरून डोळा हलवू नकोस, असं बजावून मास्तर पलीकडच्या खोलीत वेळ मोजणाऱ्या यंत्रापाशी बसले.

पहिला दिवा लागायच्या आतच पापणी लवली. मेले, असं तिच्या मनात आलं. आणि त्या मिटल्या क्षणात कानाशी कुणीतरी म्हणालं, “डावीकडे.”

डोळा उघडला तेव्हा डावा दिवा लागत होता आणि तिचं बोट बटणावर होतं.

पुन्हा लवली. “उजवीकडे.” पुन्हा बरोबर! तिच्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा. मग ती मुद्दामच डोळे मिचकावू लागली. वीस दिवे लागले आणि वीसही वेळा तो आवाज आला, अगदी जवळून, गार श्वासासकट. घाबरायला हवं होतं खरं तर. छाती धडधडत होती ती हर्षाने.

मास्तर आत आले. शाळेचा नऊ वर्षांचा विक्रम मोडलास, म्हणाले. पण चेहरा पार उतरलेला.

“पोरी, खरं सांग... तुला कुणी सांगत होतं का?”

ती टेकूपासून उठून उभी राहिली.

“तो विक्रम जिचा होता, तिलाही ऐकू यायचं. पुढे पुढे ती सारखी मागे वळून बघायची... खेळता खेळतासुद्धा. हो म्हणालीस तर तुझं नाव पाठवत नाही. घरी जाशील, सुखाने राहशील.”

सहा वर्षं राबून आता घरी?

“नाही मास्तर,” ती म्हणाली. “कुणी नव्हतं.”

मास्तरांनी बराच वेळ तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि निवडीच्या कागदावर सही केली.

युएचिन धावतच मैदानात आली. लख्ख ऊन पडलं होतं. मोकळ्या मैदानाच्या मधोमध उभं राहून तिने आईला फोन लावला, निवड झाल्याचं सांगितलं. आई पलीकडे रडायलाच लागली. ऐकता ऐकता हिचेही डोळे भरून आले, आणि पापणी लवली.

“मागे,” आवाज म्हणाला.