तालमीचं रीळ

शाळेची बस चालवणारी आणि बसभर पोरांना एका हाकेत गप्प करणारी मेव्हिस प्रूट खासगी गुप्तहेर थेल्मा रास्मुसेनच्या कचेरीत आली, तेव्हा तिला खुर्चीवर बसायचीही लाज वाटत होती.

"माझ्यावर चोरीचा आळ आलाय," ती म्हणाली. "मी चोरी केलेली नाही. पण तमाशा केला होता, तो सगळ्या गावानं बघितलाय. आता कोण विश्वास ठेवणार?"

थेल्मानं तिला बसवलं आणि लायलला कॉफी आणायला पिटाळलं. लायल म्हणजे थेल्माच्या वारलेल्या बहिणीचा नवरा. जन्मभर मटणाचं दुकान चालवलं, आता मेहुणीची गाडी चालवतो आणि तिच्या प्रत्येक प्रकरणात चोर पहिल्याच दिवशी ओळखतो. आजवर एकदाही बरोबर ओळखलेला नाही, पण गड्याचा उत्साह दांडगा.

मेव्हिसनं काय केलं होतं ते बेल्डन गावात कुणाला सांगायला नको. सतरा वर्षांपूर्वी दोघांनी इथली बँक लुटली. त्यांच्या मागावर असलेल्या हॉलिस ग्रीर या फेडरल एजंटनं त्यांना रस्त्यातच गाठलं. गोळीबारात एक दरोडेखोर मेला. दुसरा, व्हर्जिल स्टकी, अजून तुरुंगात आहे, आणि तो दरोड्यासाठी नव्हे, खुनासाठी. मेव्हिसची आई नदीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभी होती. तिला गोळी लागली आणि ती जागीच गेली.

आता टीव्हीवाले त्याच रस्त्यावर त्या दरोड्याची मालिका करत होते. आईसारखीच टोपी घातलेली नटी धक्क्यावर कोसळली, दिग्दर्शक म्हणाला, छान, पण पुन्हा एकदा, जरा सावकाश पडा. मेव्हिसचं डोकं फिरलं. तिनं हातातला थर्मास कॅमेऱ्यावर भिरकावला आणि तुमची सगळी रिळं जाळून टाकीन म्हणून ओरडली. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनमधून रिळाचा एक डबा गायब.

शेरिफनं डोक्याला फार त्रास दिला नाही. शुक्रवारी शाळेच्या मंडळाची बैठक होती, आणि चोर ठरलेल्या बाईच्या हाती कुणी बस ठेवणार नव्हतं.

"बस गेली तर गेली," मेव्हिस म्हणाली. "पण गावात मला आईच्या नावानं ओळखतात हो. तिच्या नावाला माझ्यामुळं बट्टा लागतोय, ते सोसवत नाही."

थेल्मा आणि लायल तडक धक्क्यावर गेले. मालिकेचं सामान सांभाळणारी जोलीन व्हॅनच्या पायरीवर सिगारेट ओढत बसली होती. व्हॅनची किल्ली तंबूतल्या खिळ्यावर लटकलेली असते, कुणीही घ्यावी, असं तिनं निवांतपणे सांगितलं.

"गेला कुठला डबा?" थेल्मानं विचारलं.

"तालमीचा."

त्या तालमीत खुद्द हॉलिस ग्रीर होता. निवृत्त झालेला हॉलिस आता मालिकेचा सल्लागार. त्याच्या भूमिकेतल्या नटाला रिव्हॉल्व्हर कसं चालवायचं, रिकामं करून परत कसं भरायचं, ते त्यानं मालिकेतला कोट अंगावर चढवून करून दाखवलं होतं, आणि दिग्दर्शकानं ते चित्रित करून घेतलं. मेव्हिसच्या आईच्या मरणाचा डबा शेजारीच होता, लाल अक्षरांत नाव लिहिलेला. त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं.

"अंधारात चुकीचा उचलला असेल," लायल म्हणाला.

जोलीननं हात वर करून व्हॅनमधला दिवा लावून दाखवला.

जोलीनला बोलायला माणूस हवाच होता. नकली काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यासुद्धा तिला परत कराव्या लागतात. तालमीच्या संध्याकाळी हॉलिसच्या पुंगळ्यांसाठी तिनं सगळा रस्ता गुडघ्यांवर रांगत पालथा घातला. सापडल्या कुठं, तर कोट धुवायला टाकताना कोटाच्याच खिशात. हॉलिसला विचारलं तर तो शपथेवर सांगायला लागला, मी नाही ठेवल्या. वय झालं की असंच व्हायचं, असं म्हणून जोलीननं सिगारेट विझवली.

हॉलिसची भूमिका करणारा डॅरन कॅफेत केक खात होता. लायलनं लगेच त्याच्यावर नजर रोखली, कारण तालमीत या डॅरनच्या हातून रिव्हॉल्व्हर पडलं होतं आणि सगळे खो खो हसले होते. ते रिळात आलेलं.

"लाज वाटली की," डॅरन कबूल झाला. "पण ते रीळ मला शिकायला हवं होतं. त्या माणसाचे हात इतके भराभर चालतात, की समोर उभं राहून काही कळतच नाही."

शाळेच्या जिममध्ये सगळ्यांना ते रीळ दाखवलं, ती डबा गायब झाला त्याच्या आदली संध्याकाळ. दिग्दर्शक इतका खूश झाला, की मालिकेच्या शेवटी खऱ्या एजंटचे हे खरे हात दाखवायचे असं त्यानं तिथंच जाहीर केलं. हॉलिस मात्र तळलेला मासा बाधला म्हणून उठून गेला. डॅरनला त्याचा फार आदर. जुन्या काळी नेमबाजीच्या मैदानावर पुंगळी खाली टाकली तर उस्ताद मैदान झाडायला लावायचा, असले किस्से हॉलिस रंगवून सांगायचा म्हणे.

हॉलिस धक्क्यावरच्या बाकावर भेटला. उंच, जरा वाकलेला, बोलायला गोड. मेव्हिसचं नाव निघताच त्याचा चेहरा पडला. ती पोरगी असं करणार नाही, मी शेरिफला दोनदा सांगितलंय, असं तो म्हणाला. मेव्हिस त्याला काका म्हणायची. आई गेल्यापासून प्रत्येक थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो तिच्या घरी जेवायला असायचा. या मालिकेत तो आला तोही तिच्याच गळ घालण्यानं, आईचं सगळं नीट दाखवलं जावं म्हणून.

थेल्मानं त्याला त्या दिवसाबद्दल विचारलं. त्यानं ते कोर्टात सांगितलं होतं तसंच सांगितलं. तो बँकेच्या पायरीवर. समोर दरोडेखोर, त्यांची गाडी, त्यांच्या पाठीशी धक्का आणि नदी. रिव्हॉल्व्हर हातानं रिकामं करेपर्यंत पुंगळ्या आतच राहतात; त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा निघाल्या, रस्त्यावर त्याची एकही सापडली नाही, आणि त्याच्या सहाही गोळ्या, मेलेल्या दरोडेखोराच्या आरपार गेलेली धरून, दरोडेखोरांच्या गाडीत रुतलेल्या मिळाल्या. म्हणजे धक्क्यावरची गोळी व्हर्जिलची. ती आरपार जाऊन नदीत पडली, कधीच मिळाली नाही.

"व्हर्जिल तर तुमच्याकडं तोंड करून होता," थेल्मा म्हणाली.

"वळला असेल," हॉलिस नदीकडं बघत म्हणाला.

परत येताना लायलनं निकाल दिला, की चोर जोलीनच. तिनं गुरुवारी दुपारी हॉलिसला आणि मेव्हिसला कचेरीत बोलावलं आणि खिडकी लावून घेतली, रस्त्यावर आवाज जाऊ नये म्हणून.

"मेव्हिसला राग होता आईच्या मरणाच्या चित्रीकरणाचा," थेल्मानं सुरुवात केली. "तिनं तो डबा नेला असता. व्हॅनमध्ये दिवा होता, नाव ठळक होतं, तरी चोरानं तालमीचा नेला. म्हणजे त्याला तोच हवा होता. डॅरनची फजिती त्यात होती, पण त्याला ते रीळ शिकायला पाहिजे होतं. जोलीनचं त्यात काहीच नव्हतं. उरले त्या रिळातले दुसरे हात."

लायलनं हॉलिसकडं बघितलं. "पण त्या हातांनी वाईट काय केलं? शिकवलंच ना?"

"पुंगळ्या खिशात टाकल्या. उस्तादानं लावलेली शिस्त. हातांना इतकी सवय, की यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. जोलीननं विचारलं तेव्हा ते खोटं बोलले नाहीत. जिममध्ये पडद्यावर बघितलं तेव्हा कळलं, आणि मासा बाधल्याचं निमित्त करून उठून गेले."

"खिशात टाकल्या तर टाकल्या," लायल म्हणाला.

"लायल, रस्त्यावर यांची एकही पुंगळी नव्हती, म्हणून कोर्टानं मानलं की यांनी रिव्हॉल्व्हर परत भरलंच नाही. पण या माणसाच्या पुंगळ्या रस्त्यावर पडतच नाहीत. पहिल्या सहा गाडीत गेल्या. त्या पुंगळ्या खिशात गेल्या, रिव्हॉल्व्हर पुन्हा भरलं, पुन्हा झाडलं. रिव्हॉल्व्हरमध्ये मिळाल्या त्या दुसऱ्या खेपेच्या. आणि त्या गोळ्या ज्या बाजूला गेल्या, तिकडं धक्का होता. हे टीव्हीवर दाखवलं असतं, तर ज्याला रिव्हॉल्व्हर कळतं असा कुणीतरी एक जण उठून बसला असता."

मेव्हिस थेल्माकडं बघत होती. मग तिनं हॉलिसकडं बघितलं.

हॉलिसनं नाही म्हटलं असतं तर थेल्माकडं पुरावा असा काहीच नव्हता. तो नाही म्हणाला नाही.

"दरोड्याच्या रात्री कोट काढताना खिसा वाजला," तो म्हणाला. "तोवर मला खरंच वाटत होतं की मी एकदाच भरलं होतं. हात घातला आणि सगळं आठवलं. नेम धरला होता त्याच रेषेत हिची आई कोसळली होती. व्हर्जिल वळला नव्हता. मी पुंगळ्या नदीत टाकल्या आणि कोर्टात जाऊन शपथ घेतली. तो डबाही मीच उचलला."

"आणि ह्या वेळी मेव्हिसवर आळ आला, तेव्हाही तुम्ही शेरिफला सगळं सांगितलंत, एवढं सोडून," थेल्मा म्हणाली. "दुसऱ्यांदा दुसऱ्याच्या गळ्यात."

हॉलिसनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला स्वतःची किळस येते, असं तो म्हणाला, आणि ते ऐकून लायललाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, चोर सापडला नसता तर बरं झालं असतं.

मेव्हिस रडली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता.

"दरवर्षी पॅरोलची सुनावणी व्हायची," ती म्हणाली. "तुम्ही मला गाडीनं न्यायचात. मी आत जाऊन त्या माणसाच्या तोंडावर सांगायचे, यानं माझ्या आईला मारलं, याला सोडू नका. तो म्हणायचा, पोरी, मी वळलोच नव्हतो. मी थुंकले होते एकदा त्याच्यावर. तुम्ही बाहेर गाडीत बसायचात. मला वाटायचं, काकांना त्याचं तोंड बघवत नाही."

"नव्हतंच बघवत," हॉलिस म्हणाला.

शेरिफला लगेच फोन करते, संध्याकाळच्या आत तुझ्यावरचा आळ जाईल, बसही राहील, असं थेल्मानं तिला सांगितलं. मेव्हिसनं मान हलवली, पण तिचं लक्ष नव्हतं. ती हॉलिससमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला. त्यानं मुकाट्यानं गाडीच्या किल्ल्या काढून दिल्या.

"सुनावणीची वाट बघायची नाही," ती म्हणाली. "शेरिफकडून निघालो की थेट तुरुंगात. आज दोघांनी आत जायचं. आधी तुम्ही बोला. मग मी त्याची माफी मागते."