तेवीस नंबरची हजेरी

ही गोष्ट खरी आहे.

पटलं तर घ्या, नाहीतर सोडा, मला फरक पडत नाही, असं लिहिणार होतो. पण पडतो. म्हणून आधी सगळं नीट सांगतो.

वार मंगळवार. तारीख ८ ऑक्टोबर २०२४. जागा बडोद्यातल्या आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, दुसरा मजला. वेळ सकाळी नऊ.

हो, सकाळी. बाहेर लख्ख ऊन होतं. अमावस्या, पिंपळ, सामसूम रस्ता यातलं काही या गोष्टीत नाही. असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

माझं नाव समरजित. राहायला समा भागात. एम.एस्सी. करतो. त्या सेमिस्टरला आम्हाला डेटा व्हिज्युअलायझेशन आणि कॉम्प्युटर ग्राफिक्स हा विषय होता. म्हणजे थोडक्यात, आकड्यांची चित्रं काढायची. निरुपमा मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या, "हजार ओळींच्या यादीत काहीही लपून राहतं. तिचं चित्र काढलं की लपत नाही."

मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

लॅबमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली. बावीस नंबरच्या कॉम्प्युटरवर मी. तेवीसवर सोहम. चोवीसवर कुशल. नऊ वाजता आपापला पासवर्ड टाकून कॉम्प्युटर चालू करायचा, साडेअकराला बंद करायचा. त्याची नोंद आपोआप व्हायची आणि तीच हजेरी.

सोहमची एक सवय होती. एंटरचं बटण तो दोनदा दाबायचा. एकदा पुरत असताना दोनदा, आणि तेही जोरात.

टक… टक.

मी रोज वैतागायचो. तो रोज हसायचा.

तर नवरात्र चालू होतं. नवरात्रात बडोद्याची पोरं उशिरापर्यंत गरबा खेळतात आणि सकाळच्या लॅबला अर्धा वर्ग प्रॉक्सीवर चालतो. एकाने डोळे चोळत यायचं आणि दोस्तांचे पासवर्ड टाकायचे. यात कुणाला काही गैर वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

सोमवारी गरब्यातून निघताना सोहम म्हणाला, "समर, उद्या माझी लावून दे ने. सकाळी बाइकवर पावागढला जाऊन येतो. आईला कॉलेज सांगितलंय."

"शुं यार, परत?"

"बस, आ छेल्ली वार." शेवटचंच म्हणे.

मी लावली. नऊ वाजून पाच मिनिटांनी, त्याच्या पासवर्डने, तेवीस नंबरवर.

सव्वा अकराला त्याच्या आईने, नीराकाकूंनी, डिपार्टमेंटला फोन केला. येताना फुलं आण, एवढंच त्यांना सांगायचं होतं आणि सोहम फोन उचलत नव्हता. ऑफिसातल्या कुणीतरी स्क्रीनवर बघितलं आणि सांगितलं, "लॅबमध्ये आहे. फोन सायलेंट असेल."

काकूंनी निश्चिंत होऊन फोन ठेवला.

सोहम तेव्हा पावागढच्या वाटेवर, हालोलच्या रस्त्याकडेला, झुडपांमागच्या खड्ड्यात पडलेला होता. बाइक अंगावर. तो सापडला दुपारी साडेचारला. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तास आधी आणला असता तर…

तीन दिवसांनी मॅडमनी भर वर्गात विचारलं, "त्या दिवशी सोहमची प्रॉक्सी कोणी लावली?"

कुणी उठलं नाही.

मीही नाही.

मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू कुशलकडे वळल्या. त्या आठवड्यात बऱ्याच जणांची प्रॉक्सी त्यानेच लावली होती, शिवाय बसायचाही तो तेवीसच्या शेजारी. कुशल मान खाली घालून बसला. आणि मी काय केलं? मीही इतरांसारखं त्याच्याकडेच बघितलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बघितलं.

त्या दिवसापासून कँटीनमध्ये कुशलच्या टेबलावर कुणी बसेना. तो एका शब्दाने काही बोलला नाही. त्याचीच मला भीती वाटायला लागली. हा गप्प का? याने मला पाहिलंय का? पाहिलं असेल तर थांबलाय कशासाठी?

दिवाळीच्या सुट्टीनंतर, १२ नोव्हेंबरला प्रोजेक्ट मिळाले. माझ्या जोडीला नेमका कुशल.

विषय होता आमचीच लॅब. जुलैपासूनच्या सगळ्या नोंदी मॅडमनी दिल्या, नावं काढून, नुसते कॉम्प्युटरचे नंबर ठेवून. आम्ही लॅबचा नकाशा काढायचा. चाळीस चौकोन. कॉम्प्युटर चालू असेल तर चौकोन हिरवा, बंद असेल तर करडा. खाली एक पट्टी, ती सरकवली की तारीख आणि वेळ पुढे जाते. टेबलं-खुर्च्या कुशलने थ्री-डीमध्ये बनवल्या, नोंदी मी भरल्या.

मॅडमचा एक नियम होता. एखादी नोंद चुकीची वाटली तर पुसायला परवानगी. पण का पुसली, ते वेगळ्या फाइलमध्ये लिहायचं. "कारण लिहिता येत नसेल तर हात लावायचा नाही," असं त्या बजावून म्हणायच्या.

चित्र तयार झालं. मी पट्टी सरकवली.

८ ऑक्टोबर. तेवीस नंबर हिरवा. तो असणारच होता. मी घाईने पट्टी पुढे नेली.

१५ ऑक्टोबर… तेवीस हिरवा.

२२ ऑक्टोबर… तेवीस हिरवा.

१२ नोव्हेंबर… तेवीस हिरवा.

सुट्टी सोडून प्रत्येक मंगळवारी, नऊ वाजून पाच ते साडेअकरा.

सोहम गेल्यापासून त्या जागेवर कुणी बसत नव्हतं. पहिल्या मंगळवारी कुणीतरी तिथे झेंडूचं फूल ठेवलं होतं, ते तिथेच सुकून गेलं. तो कॉम्प्युटर कुणी चालूच केलेला नव्हता.

मी कुशलकडे बघितलं. तो आधीपासून माझ्याकडे बघत होता.

"आ शुं छे?" त्याने विचारलं.

"तूच सांग," मी म्हणालो.

माझा संशय पक्का झाला. हे त्याचंच काम. मला कात्रीत पकडायला त्याने नोंदी घुसवल्या. मी मॅडमकडून मूळ नोंदी पुन्हा मागून घेतल्या, कुशलला न सांगता. त्यातही तेच. सोहमचा पासवर्ड कुणी वापरतंय का, विचारलं. त्याचं खातं डिपार्टमेंटने १० ऑक्टोबरलाच बंद केलं होतं.

तरी माझं मन मानेना. १९ नोव्हेंबरच्या मंगळवारी मी स्क्रीनकडे बघितलंच नाही. फक्त कुशलच्या हातांकडे बघत बसलो. दोन्ही हात टेबलावर, रिकामे.

नऊ वाजून पाच मिनिटं झाली…

टक… टक.

आवाज आमच्या दोघांच्या मधून आला. तेवीसची स्क्रीन काळी होती. कीबोर्डवर धूळ होती.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"काय?" कुशल म्हणाला. पण जरा जास्तच पटकन म्हणाला.

त्या दिवशी दुपारी मी त्या नोंदी पुसून टाकल्या. १५ ऑक्टोबरपासूनच्या, त्या दिवशीची धरून, चारही. कारण लिहिलं, 'चुकीची नोंद'. ८ ऑक्टोबरची तेवढी ठेवली. तिला हात लावायचा तर कारण खरं लिहावं लागलं असतं.

पुढच्या मंगळवारी मी नऊला बावीसवर बसलो, साडेअकराला उठलो. संध्याकाळी नव्या नोंदी भरल्या.

तेवीस हिरवा होता.

बावीस… करडा.

म्हणजे मी आलोच नव्हतो.

पुढच्या मंगळवारी तसंच. त्याच्या पुढच्या मंगळवारीही तसंच. मग निरुपमा मॅडमनी मला आणि कुशलला केबिनमध्ये बोलावलं.

"समरजित, तीन आठवडे लॅबला गैरहजर. अशाने परीक्षेला बसता येणार नाही तुला. कुठे असतोस?"

"मॅडम, मी तुमच्यासमोरच बसतो."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी खरंच येत होतो का, अशी मलाच शंका आली. मग त्यांनी आमची कारणांची फाइल उघडली.

"या चार नोंदी चुकीच्या कशावरून?"

"मॅडम… सोहम तेव्हा नव्हता."

"बरोबर. मग आठ ऑक्टोबरची का ठेवलीस? तेव्हाही तो नव्हताच."

कुशल शेजारी उभा होता, मान खाली घालून, त्या दिवशीसारखाच.

"ती मी लावली होती," मी म्हणालो.

मॅडमनी फाइल बंद केली. एवढंच म्हणाल्या, "त्याच्या आईला जाऊन सांग. वर्गाला मी सांगते, कुशलने काही केलेलं नाही म्हणून."

बाहेर आल्यावर कुशल म्हणाला, "मला माहीत होतं. मी बघितलं होतं तुला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील असं वाटलं होतं."

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. तरी विचारलंच, "त्या बाकीच्या नोंदी… तू नाही केल्यास?"

तो थांबला. "मला तर वाटत होतं, तूच करतोयस."

नीराकाकू घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या एका गल्लीत, राहतात. खाली दुकान, वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सोहमचा कॉम्प्युटर होता, वर चादर टाकलेली, वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली.

मी सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून गेलो होतो, ते काही जमलं नाही.

काकू आत गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. समोर बसल्या.

"फोन ठेवला आणि मी गवार मोडायला बसले," त्या म्हणाल्या. "रेडिओसुद्धा लावला होता. दुपारभर किती निवांत होते रे मी."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण तोंडातून उरलेलंही निघून गेलं. ते हिरवे चौकोन. ती टकटक. हे मी बोलायला नको होतं.

काकूंनी वर पाहिलं. "दर मंगळवारी येतो?"

"काकू, ती मशिनची काहीतरी…"

"येतो का, ते सांग."

"हो."

"मग ते पुसू नकोस." त्यांनी माझा हात धरला. हात थंडगार होता. "मी सव्वा अकराला फोन करत जाईन. आलाय का, तेवढं सांगत जा. बाकी मला काही नको."

मी हो म्हणालो. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

पुसलेल्या चारही नोंदी मी परत टाकल्या. पुढच्या मंगळवारी माझा बावीस हिरवा झाला. तेवीसही हिरवाच. परीक्षा झाली, पुढचं सेमिस्टर सुरू झालं, लॅब मंगळवारचीच राहिली. दर मंगळवारी सव्वा अकराला फोन यायचा.

"आलाय का रे?"

मी तोपर्यंतच्या नोंदी भरून आमचं चित्र उघडून बघायचो. "हो काकू. लॅबमध्ये आहे."

"बरं." आणि फोन बंद.

ऑफिसने त्या दिवशी सांगितलं होतं, तेच शब्द. फरक इतकाच, की आता मी खोटं सांगत नव्हतो. निदान चौकोन तरी हिरवा असायचा.

११ मार्चला मंगळवार होता.

नऊ वाजून पाच झाले. टकटक आली नाही.

साडेनऊ… तेवीस करडा.

दहा… करडा.

कुशलनेही पाहिलं. "गेला वाटतं," तो हळूच म्हणाला. मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष फोनकडे होतं.

सव्वा अकरा.

"आलाय का रे?"

काय सांगणार होतो मी त्यांना? की आज नाही आला? पुन्हा एकदा हरवला?

"हो काकू," मी म्हणालो. "लॅबमध्ये आहे."

मग काकू हसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"परत खोटं बोलतोस, समर?" आवाजात जराही राग नव्हता. "तो घरी आलाय. कॉम्प्युटर लावून बसलाय सकाळपासून."

आणि त्यांच्या मागून, अगदी स्पष्ट…

टक… टक.

फोन बंद झाला.

त्यानंतर काकूंचा फोन आलेला नाही. तेवीस नंबरही पुन्हा कधी हिरवा झाला नाही. त्या बऱ्या आहेत, असं ऐकतो. कुशलला त्या पोळाच्या तोंडाशी दिसल्या होत्या. हातात भाजीची पिशवी होती, घाईत होत्या. म्हणाल्या, "बेटा, आज थांबत नाही. घरी भूक लागली असेल."

त्या एकट्या राहतात.

मी अजून तिकडे गेलेलो नाही. दर मंगळवारी सव्वा अकराला मात्र लॅबमध्ये बसून त्यांचा नंबर काढतो. लावत नाही.

लावला तर तो कोण उचलेल, हे मला माहीत नाही.