चढावर दमणारं इंजिन

रोलरवर चढवलेली रुग्णवाहिका पूर्ण वेगात गरजत होती आणि पडद्यावरचा आलेख जसा असावा अगदी तसाच होता. पुण्याच्या इंजिन चाचणी प्रयोगशाळेत डॉ. इरावती शेंडगेने तो पुन्हा तपासला. इंजिनाची ताकद कुठेही कमी पडत नव्हती. गाडी चालवणाऱ्या नलिनी गावित मात्र सांगत होत्या, की सांबरदरीतून संध्याकाळी घाट चढताना ती जागीच दमते. मागच्याच आठवड्यात एक बाळंतीण त्यांच्या गाडीत, घाटाच्या कडेला मोकळी झाली होती.

एअर फिल्टर, इंधनाचा पंप, इंजेक्टर, टर्बोचे पाइप, अगदी सायलेन्सरसुद्धा गॅरेजवाल्यांनी बदलून पाहिला होता.

"सकाळी पळते, मॅडम. संध्याकाळीच मरते," नलिनीताई म्हणाल्या.

इरावती तिथेच अडली. निकामी झालेला भाग घड्याळ बघून बिघडत नाही. तिने निदानयंत्र गाडीला जोडलं आणि नलिनीताईंबरोबर थेट दरी गाठली.

सांबरदरी म्हणजे डोंगरांमधली खोल वाटी, तळाशी नलिनीताईंची वस्ती. तिथे हवासाठा प्रकल्प होता. दिवसा उन्हाच्या विजेवर हवा दाबून कातळात कोरलेल्या गुहांमध्ये भरायची आणि संध्याकाळी विजेची मागणी वाढली, की तीच हवा सोडून जनित्रं फिरवायची. धूर नाही, राख नाही. प्रकल्पाचे भूशास्त्रज्ञ डॉ. फिरोज तडवी कुतूहल म्हणून त्यांच्यासोबत गाडीत बसले.

दिवस कलला, जनित्रं घुमू लागली आणि काही वेळाने चढाच्या सुरुवातीलाच गाडी मंदावली. नलिनीताईंनी पाय दाबून धरला तरी वेग वाढेना. इरावती निदानयंत्राकडे पाहत होती. आत जाणारी हवा पुरेशी होती, तिचा दाबही ठीक होता, तरी नियंत्रक इंधन कमी कमी करत चालला होता.

"इंजिनाला हवा मिळतेय," ती म्हणाली, "पण इंधन जळतं ते त्या हवेतल्या प्राणवायूवर. तोच कमी असेल तर नियंत्रक इंधन आखडणार आणि ताकद जाणार."

तिने खिशातला प्राणवायुमापक सुरू केला. एकवीस टक्के. म्हणजे शुद्ध हवा.

तडवींचा जीव भांड्यात पडला. वस्तीत जागोजागी असेच मापक बसवले आहेत, ते म्हणाले; जनित्रांनी पूर्ण वेग घेतला की आपोआप सुरू होतात, ती थांबली की बंद होतात, आणि त्यांचा भोंगा आजवर एकदाही वाजलेला नाही.

इरावतीचं समाधान झालं नाही. हे मापक सुरू होताना जी हवा समोर असेल तिलाच शुद्ध धरतात, हे तिला ठाऊक होतं. तिने गाडी हळूहळू खिंडीपर्यंत न्यायला सांगितलं. वर पोचता पोचता इंजिनाचा आवाज मोकळा झाला. तिथल्या वाऱ्यात तिने मापक बंद करून पुन्हा सुरू केला आणि तसाच चालू ठेवून गाडी वळवायला लावली. उताराला लागताच आकडा घसरू लागला. एकोणीस. सतरा. वस्ती दिसू लागली तेव्हा तो पंधरावर होता.

तडवींच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"आपल्या काळ्या कातळात लोह असतं," ते म्हणाले. "ताजी कापलेली भिंत आणि तिच्यावर दाबलेली हवा. लोह गंजताना प्राणवायू खातं. म्हणून आम्ही भिंतींना लेप दिला होता."

"आणि लेप सुटला असेल तर?"

"तर आम्ही रोज प्राणवायू गेलेली, उरलीसुरली हवा सोडतोय. ती थंड असते, जड असते. रात्रभर दरीत बसून राहते."

संध्याकाळी डोकं धरतं, पोरं जेवता जेवता पेंगतात, अशा तक्रारी घेऊन लोक कधीपासून नलिनीताईंच्या आरोग्य केंद्रात येत होते. "आम्ही त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या देतोय," नलिनीताई पुटपुटल्या.

तडवींनी नियंत्रण कक्षाला फोन करून हवा सोडणं तत्काळ थांबवायला लावलं. मापक मात्र चालू ठेवा, असं बजावलं. थोड्याच वेळात खिंडीतून वारा सुटला. इरावतीच्या हातातला आकडा चढू लागला आणि एकवीसवर स्थिरावला.

त्याच क्षणी वस्तीतले भोंगे वाजू लागले.

इरावतीला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. मापकांना दोन मर्यादा असतात. प्राणवायू फार कमी झाला तर भोंगा वाजतो आणि फार वाढला तरीही वाजतो, कारण मग आग भडकण्याची भीती असते. वस्तीतले मापक दरी भरल्यावर सुरू झाले होते. त्यांच्या लेखी पंधरा टक्के हीच शुद्ध हवा होती.

"भोंगा झाला की सगळ्यांनी प्रकल्पाच्या बंद निवाऱ्यात जायचं, दार लावून घ्यायचं," नलिनीताई म्हणाल्या. "तशी कवायत घेतलीय आमची."

"निवाऱ्याला हवा कुठून मिळते?" इरावतीने विचारलं.

"गुहेतून," तडवी म्हणाले. "थेट."

नलिनीताईंनी गाडी पिटाळली ती निवाऱ्यापाशीच थांबवली. कवायतीत शिकवल्याप्रमाणे लोक शांतपणे रांगेत उभे होते. नलिनीताईंनी गाडी आडवी घालून दार अडवलं. त्यांचे सासरे दौलतराव दिवे लावायला सर्वांआधी आत गेले होते. तडवी गाडीमागच्या फटीतून, श्वास रोखून आत शिरले आणि भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्याला काखेत धरून ओढत बाहेर आले. दौलतरावांचे ओठ निळे पडले होते. उघड्यावर निजवल्यावर काही क्षणांनी त्यांची छाती हलली. नलिनीताईंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं, पण गाडी हलवली नाही.

भोंगा कानठळ्या बसवत होता. रांगेतली एक बाई कडेवरच्या पोराला घट्ट धरून इरावतीपाशी आली.

"आत धोका आहे म्हणता, मग बाहेर हा कशासाठी ओरडतोय?"

"हवा चांगली झालीय म्हणून," इरावती म्हणाली.

बाईने एकदा भोंग्याकडे पाहिलं. मग मागे वळली आणि पुन्हा रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.