लिलावातला भोपळा

गंधालीने हात वर केला तो मैत्रिणीला दिसावा म्हणून. मुलुंडच्या त्या चर्चच्या आवारात सुगीच्या सणाला अशी झुंबड उडालेली, की मानसी कुठे उभी आहे तेच कळेना. तेवढ्यात माइकवरून खणखणीत आवाज आला, "पाचशे! त्या पिवळ्या ड्रेसवाल्या ताईंचे पाचशे! एक वार... दोन वार... तीन वार!"

टाळ्या पडल्या. रूथ नावाच्या चिमुरडीने कवटाळून आणलेला थोरला भोपळा थेट गंधालीच्या पोटाला टेकवला.

"अहो, मी बोली नाही लावली! मैत्रिणीला हात करत होते!"

लिलाव पुकारणारा तरुण खाली उतरला. हा सॅमसन, संडे स्कूलच्या पोरांचा सॅमदादा. पोरांनी गच्चीत, कुंड्यांत जे पिकवलं ते विकून कर्णबधिर मुलांना कानाची यंत्रं घ्यायची, असा यंदाचा बेत होता.

"इथे हात वर गेला की बोली पक्की," तो हसू दाबत म्हणाला. "पण आमच्यात रीत आहे. घेतलेली वस्तू परत दान करता येते. आम्ही ती पुन्हा विकतो."

"म्हणजे पैसेही मीच द्यायचे आणि भोपळाही?"

"हो ना."

"झकास धंदा आहे रे तुमचा!"

तो ‘रे’ कधी निसटला तिलाच कळलं नाही. त्याला मात्र नेमका ऐकू गेला. रूथच्या आशाळभूत चेहऱ्याकडे बघून गंधालीने पैसे दिले, भोपळाही दिला.

पुढच्या रविवारी लिलावाच्या पावतीवरचा पत्ता शोधत सॅमसन डबा घेऊन तिच्या दारात हजर.

"तुमच्या भोपळ्याचे घारगे."

"माझ्या? तो परत विकला होतात ना?"

"पुकारणाऱ्याने बोली लावायची नसते," तो कानामागे खाजवत म्हणाला, "म्हणून... आईला लावायला सांगितली."

गंधाली हसली आणि तिथेच फसली. मग संडे स्कूलची पोरं तिच्या गॅलरीत बिया लावायला येऊ लागली, आणि पोरांच्या मागे त्यांचा दादा. तिच्या आईच्या तुळशीशेजारी भोपळ्याचा वेल चढला. झारी देता-घेता बोटं लागायची, मग दोघंही उगाचच वेलाची पानं मोजत बसायची.

सुगी पुन्हा जवळ आली तेव्हा पोरं पळाल्यावर तो म्हणाला, "गंधाली, लग्न करशील माझ्याशी? तू तुझा देव सोडू नकोस, मी माझा सोडणार नाही."

"करायचंय रे... पण आईच्या मनाविरुद्ध नाही. बाबांच्या मागे तिला मीच आहे."

लिलावात आवार दणाणून सोडणारा तो, अगदी हळू बोलला. "विचार त्यांना. हो असेल तर सुगीला हात वर कर. नसेल तर... तरीही ये."

तिने आईला विचारलं. इरावतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तोंडाला कुलूप लावलं. आठवडाभर घरात फक्त कुकर बोलत होता. सुगीच्या दिवशी मात्र त्या स्वतःच इस्त्रीची साडी नेसून तयार झाल्या. "मीही येते," एवढंच म्हणाल्या.

आवारात रूथने गॅलरीतल्या वेलाचा भोपळा उंच धरला. सॅमसन गंधालीकडे बघायचं टाळत होता. त्याचा आवाज आज बसलेला होता. "मागचे एक काका, सहाशे! एक वार..."

गंधालीने हात पदराआडच ठेवला आणि आईकडे पाहिलं. आई भोपळ्याकडे बघत होती.

"दोन... वार..." त्याने तो शब्द ताणला, ताणला, अगदी तुटेपर्यंत ताणला.

आणि हात वर गेला. इरावतीबाईंचा!

"आई! अगं, इथे हात वर गेला की बोली पक्की धरतात!"

"माहीत आहे. वर्षभर तेच ऐकतेय तुझ्याकडून," त्या म्हणाल्या. डोळे ओले, आवाज मात्र ठणठणीत. "माझं झालं पक्कं. आता तू कशाची वाट बघतेस? कर की हात वर!"

गंधालीने हात वर केला. दोन्ही केले. सॅमसन माइक धरून नुसता बघत राहिला, बोलायचं पार विसरला.

"दादा, आता परत विकायचा ना?" रूथने विचारलं.

"नाही गं," गंधाली म्हणाली, "यंदा मी काहीच परत देणार नाही."

मग लिलाव पोरांनीच पुरा केला. सगळी एका सुरात ओरडली, "तीन वार!"