नातीचा झाकलेला चेहरा

सोमवारी सकाळी काकांनी ऑफिसातला कॉम्प्युटर लावला आणि तिथूनच ओरडले, "अगं चिमणे, माझ्या नातीच्या तोंडावर हे काय आणून चिकटवलंस?"

काका प्रकाशक. त्यांच्या स्क्रीनभर नातीचा फोटो होता. सगळे आयकॉन त्यांनी कडेकडेने लावले होते. काही उजव्या काठाला, काही खाली ओळीत. पोरीच्या चेहऱ्यावर एकही येता कामा नये, हा दंडक. आज उजवीकडचे सगळे सरकून थेट तिच्या गालावर बसले होते. खालची ओळ मात्र जागच्या जागी.

चिमणी हसत आली. ऑफिसातली कॉम्प्युटरची सगळी उस्तवार तिच्याकडे. आयकॉन अधूनमधून सरकायचे; शनिवारी ऑफिस बंद करतानाच तिने ते काठाला लावले होते. तिने आयकॉन बाजूला करायला माऊस धरला आणि तिचं हसू मावळलं.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण जागेवर नव्हतं.

त्या प्रकरणाची दुसरी प्रत नव्हती. फुटेल या भीतीने काकांनी ती होऊच दिली नव्हती. ज्याला काम करायचं त्याने घरून इंटरनेटवरून याच कॉम्प्युटरशी जोडून घ्यायचं, काम इथेच करायचं, इथेच ठेवायचं. लेखक वारले होते. पुस्तक छापखान्याच्या दारात उभं होतं.

चिमणीने जोडणीची नोंद उघडली. रविवारी ऑफिस बंद असताना एकच जण आत आला होता. नोंदीत नाव चिमणीचं.

"मी नाही, काका," ती म्हणाली.

काकांनी पोलिसांना फोन लावला. तक्रारीत चिमणीचं नाव घातलं.

दुपारी निरीक्षकबाई आल्या. ऐसपैस बसल्या, चहा घेतला, नातीचा फोटो निरखून पाहिला. कुणी काही हलवलेलं नाही ना, एवढं विचारून घेतलं आणि मग एकेकाला समोर बसवलं.

"हे सॉफ्टवेअर निवडलं कुणी?"

"मी दोन दाखवली होती," चिमणी म्हणाली. "एकात कोण, कुठल्या मशीनवरून आलं, सगळं उमटतं. दुसऱ्यात फक्त नाव उमटतं. पण ते समोरची स्क्रीन आपल्या स्क्रीनच्या मापाची करून दाखवतं. अक्षरं मोठी दिसतात."

"मग दुसरंच का?"

"मावशीच्या डोळ्यांसाठी. ती इथली संपादक. माझी सख्खी मावशी, तिनेच मला वाढवलं."

"तुमचा पासवर्ड कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही."

मुखपृष्ठाचा चित्रकार आला तो तणतणतच. "मी बैठकीत घसा फोडून सांगत होतो, पहिलं घ्या! पण इथे माझं ऐकतो कोण? चित्रकार म्हणजे लग्नातला फोटोग्राफर, सगळ्यांच्या मागे उभा."

"रविवारी कुठे होता?"

"घरी. भिंतीएवढ्या स्क्रीनसमोर. एकटाच. आता म्हणा, साक्षीदार नाही!"

"म्हणत नाही. चहा घ्या."

मावशी आली ती पदराने डोळे टिपत. आधी चिमणीच्या पाठीवरून हात फिरवला, मगच खुर्चीत बसली. "बाई, ही पोर खोटं बोलणार नाही. मी जामीन राहते. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. हिने माझ्या घरी येऊन सगळं लावून दिलं, म्हणून तर चाललंय."

"घरी कशावर काम करता?"

"मोठा मॉनिटर आहे, उभा केलेला. पुस्तकाचं पान उभंच असतं ना!"

चिमणीने मावशीचा हात घट्ट धरला. अख्ख्या ऑफिसात तेवढाच एक हात आपला, असं तिला वाटलं.

शेवटी काका. "लेखक फार दिवस आजारी होते?"

"वर्षभर अंथरुणाला खिळून. वाचा गेली, बोटं गेली. तरी शेवटचं प्रकरण पुरं केलं हो!"

"कसं?"

काकांनी पाण्याचा पेला उचलला.

मग बाईंनी एक वेगळंच काम सांगितलं. सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं आणि एकेकाने रोजच्यासारखं जोडायचं. त्या स्वतः ऑफिसात बसून राहिल्या. प्रत्येक खेपेआधी आयकॉन पुन्हा काठाला लावत होत्या. शेवटची खेप मावशीची.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले तेव्हा बाई म्हणाल्या, "काल पूर्वरंग झाला. आज उत्तररंग. ही पोरगी साक्षीदार आहे." त्यांनी नातीच्या फोटोकडे बोट केलं.

चित्रकाराला हसू फुटलं. बाकी कुणी हसलं नाही.

"हे सॉफ्टवेअर समोरची स्क्रीन आपल्या मापाची करतं. आपली स्क्रीन लहान असेल, तर इथले आयकॉन आत ढकलले जातात आणि तसेच राहतात. चित्रकाराची स्क्रीन भिंतीएवढी. एकही हलला नाही. चिमणीचा लॅपटॉप लहान, अरुंदही आणि बुटकाही. उजवे आत आले, खालचेही वर चढले. सोमवारी मात्र खालची ओळ जागेवर होती. म्हणजे आलेली स्क्रीन अरुंद होती, पण बुटकी नव्हती. उभी होती. काल शेवटी मावशींनी जोडलं, तेव्हाचे आयकॉन बघा: उजवे गालावर, खालची ओळ जागेवर."

चिमणी हळूच म्हणाली, "मावशीच्या घरी लावून देताना मी आधी माझ्या नावाने जोडून पाहिलं होतं... नाव-पासवर्ड तिथेच साठवला गेला, पुसायचं राहिलं." मग एकदम, "पण ती कशाला करेल? बाई, तुमचं काहीतरी चुकतंय."

"काका," बाई म्हणाल्या, "ज्याची वाचा आणि बोटं गेली, त्याचं प्रकरण लिहिलं कुणी?"

काकांची मान खाली गेली.

"मी," मावशी म्हणाली. आवाजात रडं नव्हतं. "आधीची पुस्तकंही निम्मी मीच उभी केली. या वेळी म्हटलं, आत कुठेतरी बारीक अक्षरात तरी नाव घाला. काका म्हणाले, तुमच्या नावाला कोण विचारतं? माझं होतं, मी उचलून आणलं. घरी आहे."

"मग स्वतःच्या नावाने का नाही आलीस?" चिमणीने विचारलं.

"माझ्या नावाला इथे कधी किंमत होती? तुझं तिथे तयार होतं. वाटलं, तू तरुण आहेस, निभावून नेशील."

"आणि काल माझा हात धरून बसलीस."

मावशीने पदर सारखा केला. केसाने गळा कापणाऱ्याचा हात कसा मऊ असतो, ते चिमणीला तेव्हा कळलं.

काका घाईने म्हणाले, "बाई, तक्रार मागे घेतो. घरातलीच गोष्ट आहे. नावही छापू, ठळक छापू."

"माझं नाव तक्रारीत घालताना घर आठवलं नाही, काका?" चिमणी म्हणाली.

बाईंनी तक्रारीतलं तिचं नाव खोडलं आणि मावशीकडे वळल्या. "चला. प्रकरण घेऊन या, आणि जबाबही द्यायचाय."

दारात मावशी थांबली. "चिमणे, तू येतेस ना बरोबर?"

सवयीने चिमणीचं पाऊल उचललं गेलं. मग ती परत खुर्चीत बसली. सॉफ्टवेअर उघडून तिने स्वतःचा पासवर्ड बदलला; मावशीच्या मशीनवरचं तिचं नाव आता चालणार नव्हतं. त्यानंतर गालावरचे आयकॉन एकेक करून काठाला नेले. नात मोकळी हसू लागली.

"चिमणे?" दारातून पुन्हा हाक आली.

तिने मागे वळून पाहिलं नाही.