रिकाम्या खुर्चीचं वजन

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. किराणावाल्याचा काटा असो की भंगारवाल्याचा, आकडा खरा की खोटा हे मी सांगायचं. त्यामुळे माझा स्वभावही तोलूनमापून घेण्याचा झालाय, असं बायको म्हणते. आता सांगतोय ती गोष्ट भर दुपारची आहे. खिडक्या उघड्या होत्या, रस्त्यावर रहदारी होती. अंधाराला बोल लावायची सोय नाही.

सासरे गेल्यावर सासूबाई घरात एकट्याच राहिल्या. दोनदा बाथरूममध्ये घसरून पडल्या. दुसऱ्या वेळी तर शेजाऱ्यांना दार फोडावं लागलं. तेव्हापासून बायकोच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आमच्याकडे चला म्हणून आम्ही किती विनवलं, पण सासूबाईंचं एकच उत्तर, "हे दुपारी चहाला येतात. आपल्या खुर्चीत बसतात. त्यांना एकटं टाकून कशी येऊ?"

"आई, तुम्हाला दिसतात का ते?"

"नाही."

"आवाज येतो?"

"नाही हो. पण बसलेत हे कळतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, जावईबापू?"

मला तो आरसाच हवा होता. म्हटलं, माणूस बसला की वजन पडतं. खुर्ची काट्यावर ठेवू. चहाच्या वेळी आकडा हलला, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही हलला, तर बॅग भरायची.

"माझी श्रद्धा तुमच्या काट्यावर चढवायची म्हणता?" त्या म्हणाल्या. पण शेजारी लेक रडत होती. अखेर त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर मी दुकानातला पोती तोलायचा काटा घेऊन गेलो. बाहेरच्या खोलीत मांडला, वीज जोडली. सासऱ्यांची खुर्ची वेताची, एका हाताने उचलावी अशी. मला मात्र ती दोन्ही हातांनी ओढावी लागली. एकेक पाय करत काट्यावर चढवली, तेव्हा कमरेत कळ आली. वय झालं, दुसरं काय.

आमच्यात माल तोलण्याआधी भांड्याचा धडा करतात. म्हणजे रिकामं भांडं काट्यावर ठेवायचं आणि बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा. मग आत पडेल तेवढाच माल दिसतो. खुर्चीचा धडा करायला मी हात पुढे केला.

"जावईबापू, जरा थांबा..." सासूबाई हळूच म्हणाल्या. "आज हे..."

"आता कसलं थांबायचं, आई?" बाई ऐन वेळी कच खातायत, असं मला वाटलं. त्यांच्याकडे बघतच मी बटण दाबलं. आधीचा आकडा पाहिलाच नाही.

शून्य.

सासूबाईंनी दोन कप चहा आणला. एक त्यांचा, एक खुर्चीसमोर. जावयाला कोणी विचारलं नाही. आम्ही बसून राहिलो. आजारपणात सासऱ्यांच्या सांध्यांना चोळायचे त्या तेलाचा उग्र वास कुठून तरी येत होता. जुन्या घरात वास मुरतात, अशी मी मनाची समजूत घातली. खुर्चीसमोरच्या चहावर साय धरली, पण लाल आकडा जागचा हलला नाही.

"आई... शून्यच आहे."

त्यांनी डोळे पुसले. आतून बॅग आणली, भरून ठेवलेलीच होती. दारापाशी जाऊन मागे वळल्या.

"मी निघाले," त्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या. "येता ना?"

वेत करकरला. माणूस उठताना करकरतो तसा.

मी काट्याकडे पाहिलं. वजा एकेचाळीस.

खुर्ची जागच्या जागी होती, जवळपास कोणी नव्हतं. काटा बिघडलेला नव्हता, सकाळीच तपासला होता.

"मी तेच सांगत होते," सासूबाई म्हणाल्या. "आज हे आधीच येऊन बसले होते. किती दाखवतोय?"

"एके...चाळीस."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे अजून भरले नाहीत. एवढं करून घालते, पण अंगी लागतच नाही."

शेवटच्या आजारात डॉक्टरांना सांगायला मीच सासऱ्यांना तोलायचो, याच काट्यावर. शेवटचं वजन एकेचाळीसच होतं.

काटा तिथेच टाकून मी गाडी हाकली. सासूबाई मागच्या सीटवर बसल्या, कोणाला तरी जागा द्यावी तशा खिडकीला चिकटून. आमच्या घरी त्या लगेच रमल्या. रोज दुपारी दोन कप चहा करतात. दुसरा कप सोफ्याच्या टोकाशी ठेवतात आणि तो रिकामा होतो. "आईच दोन्ही पिते," बायको म्हणते. मी वाद घालणं सोडलं होतं. सासरे आलेत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा न तोलता मान्य केलं होतं.

काल सकाळी काटा आणायला गेलो. कुलूप काढलं. तेलाचा तोच वास. वीज जोडलेलीच राहिली होती, आकडा पेटलेला होता. वजा एकेचाळीस असायला हवा होता.

शून्य होता.

वीज जाऊन आली असेल, म्हणत मी एका हाताने खुर्ची उचलायला गेलो. ती हलली नाही. माझ्या हाताखाली वेत हळूच करकरला.

घरी कसा पोचलो, ठाऊक नाही. दुपारी सासूबाईंनी चहा मांडला. सासरे तिकडेच खुर्चीत बसलेत, एकटेच, असं सांगितलं असतं तर त्या उभ्या पावली परत गेल्या असत्या.

"आज हे जरा घाईत दिसतात," सोफ्याच्या टोकाकडे बघून त्या हसल्या.

समोरच्या कपातला चहा हळूहळू कमी होत होता.