चोरदरवाज्याची किल्ली

दिवा मंदच राहू दे. हे माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलंय, तेव्हा थाप समजू नका. तो किल्ल्या बनवतो. बायको सोडली तर कुणाला घाबरणारा नाही.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेअकरा. फोन आला, "बाजारामागच्या तिमजली घरात या. कुलपाचं काम आहे." अशी कामं रोजचीच. हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवून तो निघाला.

एका वयस्कर गृहस्थांनी दार उघडलं. आत मेणबत्तीभोवती चौघे बसलेले, चांगल्या घरचे वाटणारे. गृहस्थांनी मेणाची वडी पुढे केली. तिच्यावर वीतभर किल्लीचा ठसा.

"काका, ठशावरून मी करत नाही. मूळ किल्ली आणा."

"ती ज्याच्या कमरेला आहे, त्याला कळता कामा नये."

"मग मला जमणार नाही."

"तुमची दोन मुलं वरच्या खोलीत झोपतात ना?" गृहस्थ मऊ आवाजात म्हणाले.

साडू खाली बसला. त्यानं पिशवी उघडली. कानस चालू झाली. चौघे कुजबुजत होते... पहारा कोण हलवणार... महाराजांच्या खोलीपाशी कोण... खूण कोण दाखवणार...

कानस थांबली.

"ही कुठल्या दाराची?"

"वेशीतल्या चोरदरवाज्याची."

"वेस पाडून रस्ता झाला, काका. साठ वर्षं झाली."

गृहस्थांनी वेशीच्या दिशेनं बोट दाखवलं.

"बाहेर फौज उभी आहे," गृहस्थ म्हणाले. "तीनशे वर्षं. दर वेळी कारागीर नाही म्हणतो."

साडूला नाही म्हणायचं होतं. ओठही हलले. पण डोळ्यांसमोर मुलं आली...

त्यानं शेवटचा दात कापला.

किल्ली हातातून गेली. मेणबत्ती विझली. मोबाईलच्या उजेडात पाहिलं... खोली रिकामी. जमिनीवर बोटभर धूळ. पावलं फक्त त्याचीच.

घरी आला. मुलं शांत झोपली होती. त्यानं दाराला कडी घातली, दोनदा पाहिली. बायकोला अवाक्षर सांगितलं नाही. शेजाऱ्यांनाही नाही.

सकाळी गल्लीत गलका. त्याचं दार सताड उघडं. शेजारचं उघडं. समोरचंही. जुन्या वेशीच्या जागेपासून इथपर्यंत बेचाळीस घरं. काडीही चोरीला गेली नव्हती.

कड्या बाहेरून निघत नाहीत, पोरांनो. सगळ्या आतून काढलेल्या होत्या.